शीतगृहाचं भूमिपूजन आणि पडलेलं सरकार

निफाडजवळच्या माझ्या मामांचा फोन आला. "शनिवारी ये. शीतगृहाचं भूमिपूजन हाय, दिल्लीचे मंत्री येणारेत." नव्वदच्या दशकाचा शेवट होता तो. मला मंत्र्यांपेक्षा मामीच्या शेंगोळ्यांची ओढ, म्हणून नाशिकहून सकाळचीच एसटी धरली.

तुम्ही फेब्रुवारीत जा. द्राक्षांचे मळे भरलेले असतात. मी गेले एप्रिलच्या उन्हात. औरंगाबाद रस्ता तेव्हा अरुंद होता, उसाच्या ट्रॅक्टरमागे एसटी बैलगाडीच्या चालीने जायची. चांदोरीला कागदात गरम भजी मिळाली. शेजारचे गृहस्थ कानाला ट्रान्झिस्टर लावून बसले होते. भजी संपता संपता त्यांनी सांगितलं, दिल्लीत सरकार पडलं.

मळ्यात मांडव, सनई, हार सगळं होतं, मंत्रीच नव्हते. कोनशिला मात्र तयार होती. आधीच्या सरकारातल्या मंत्र्यांचं नाव घासून नवं कोरलेलं, आणि आता तेही बाद. ठेकेदार म्हणाला, नवं सरकार बसू द्या, मग बघू. मामा खुर्चीवर बसून राहिले. गेल्या हंगामात थंड जागा नाही म्हणून द्राक्षं मिळेल त्या भावाने द्यावी लागली होती. असंच चालू राहिलं असतं, तर निम्मे बागायतदार बाग तोडून मोकळे झाले असते.

मामीने पदर खोचला आणि नारळ उचलला. "सरकार पडलं म्हून घड वेलीवर थांबायचे हायेत का?"

तिनेच नारळ फोडला. वर्गणी काढून बागायतदारांनी भिंती उभ्या केल्या, यंत्रंही आणली. पण वीज कुठून आणणार? ती सरकारकडूनच यायची, आणि सरकार टिकेना. वर्षभर ते शीतगृह गावातली सगळ्यात उकाड्याची जागा होतं. त्यात दोन लग्नं लागली. दुसऱ्या लग्नात नवरदेवाला घेरी आली.

मग एक सरकार टिकलं. विजेची तार आली, रस्ता रुंद झाला, द्राक्षं बोटीने परदेशी जाऊ लागली. तिथले आमदारही पुन्हा निवडून आले. मामा सांगायचे, रास्ता रोकोला आता माणसं मिळत नाहीत, सगळी पॅकिंगला असतात.

काही वर्षांनी रीतसर उद्घाटन झालं, तेव्हा मी पुन्हा गेले. या खेपेला प्रवास निम्म्या वेळात झाला. नव्या मंत्र्यांनी भाषणात स्थैर्याचं महत्त्व सांगितलं आणि मामीला कौतुकाने विचारलं, "हे सगळं कसं जमवलंत?"

मामी नम्रपणे म्हणाली, "सायेब, तुमची वाट पाहिली असती तर बेदाणे झाले असते."

मंत्री हसले. पण मामांनी तिला हळूच आठवण करून दिली की तार सरकारनेच ओढली. तिनेही ते मान्य केलं.

परतताना मांडीवर द्राक्षांची पेटी होती. नाशिकला घरी पोचल्यावर ती उघडली, तर घड अजून थंडगार. सरकार आधी की भरभराट आधी, यावर आमचे यजमान रात्रीच्या जेवणापर्यंत बोलत राहिले. मी ऐकत ऐकत अर्धी पेटी संपवली.