किलार्नीची हरणं, मेनचे मूस आणि बाबांची गोचीड

सासरे, म्हणजे आमचे बाबा, अकोल्याहून आमच्याकडे आयर्लंडमधल्या एनिसला आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी आसपासच्या सगळ्या गाईंची तब्येत कुंपणावरूनच तपासून टाकली. चाळीस वर्षं गुरांचे डॉक्टर होते, सवय जाणार कुठे! मग म्हणाले, "गाई झाल्या. आता इथलं लाल हरीण दाखव." नवऱ्याच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. म्हणून शनिवारी मी, बाबा आणि माझी आठ वर्षांची ईरा, असे तिघेच निघालो.

किलार्नीला दोन तास धरा. अडेर गावात गाड्यांची रांग लागते, त्यामुळे आठच्या आत घर सोडलेलं बरं. नॅशनल पार्कला तिकीट नाही. डबा मात्र घरून न्या, आम्ही पराठे आणि ठेचा नेला होता.

तळ्याकाठी कमरेएवढ्या नेच्यांतून चार माद्या आणि एक नर बाहेर आला. अहाहा! बाबा तर गवतात फतकल मारूनच बसले. शेजारच्या बाकावर अमेरिकेतल्या मेन राज्यातून आलेल्या एक आजी होत्या. त्यांच्याकडे मूस असतात, घोड्याहून उंच, फावड्यासारख्या शिंगांचं हरीण. "पण आता कमी दिसतात," त्या म्हणाल्या. थंडी उशिरा येते, बर्फ लवकर वितळतो, त्यामुळे गोचीड मरत नाही. एकेका मूसला हजारोंनी चिकटते, रक्त पिते, वासरं वसंतापर्यंत तगत नाहीत. शिवाय साध्या हरणांकडून येणारा मेंदूतला जंत, उन्हाळ्याची काहिली, तुटणारं जंगल.

"नेमकं कारण कोणतं?" मी विचारलं.

"कळप एका कारणानं नाही खचत, पोरी," बाबा म्हणाले. "दोन-तीन मिळून खचवतात."

जेवताना मात्र बाबांचं लक्ष नव्हतं. पराठा अर्धाच खाल्ला. बाकावर टेकेनात, दोनदा टॉयलेटला जाऊन आले. चेहरा घामेजलेला. वय बहात्तर, नवरा इथे नाही, हार्टचं काही असलं तर?

"बाबा, छातीत दुखतंय का?"

"काही नाही न बाप्पा!" ते खेकसले.

ईरानं माझी बाही ओढली. "मम, आजोबांच्या लेगवर टिक आहे. ही सेड डोन्ट टेल यू."

गोचीड! मांडीच्या मागे, वरच्या बाजूला. टॉयलेटमध्ये त्यांच्या हाताला लागली होती, पण दिसत नव्हती, काढता येत नव्हती आणि सुनेसमोर पँट कशी उतरवायची! मला हसूही आलं आणि रागही आला. "बाबा, इतक्या म्हशी तपासल्यात, त्यातली एक तरी लाजली का?"

ते मोठ्यांदा हसले. मग गाडीच्या मागच्या सीटवर टॉवेल पांघरून पालथे पडले आणि तिथूनच शिकवायला लागले. "तेलबिल लावू नको. पिळू नको. चिमट्यानं कातडीला लागून धर, सरळ ओढ." माझा भुवयांचा चिमटा! ओढली तर अख्खी आली, पाय हलवत. मी किंचाळले. जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू!

"मूसचं काय होत असेल," बाबा पँट सावरत म्हणाले. "त्याला तर आपली पाठ दिसतही नाही."

परतताना फार्मसीतली बाई म्हणाली, बहुतेक ग्रँड, म्हणजे ठीकच असेल, पण गोचिडीच्या चाव्यातून आजार होऊ शकतो, महिनाभर लक्ष ठेवा. लाल चट्टा पसरला किंवा ताप आला, तर लगेच डॉक्टर. तुम्हीही किलार्नीला जाल तेव्हा पँटची टोकं मोज्यांत खोचा, आणि परतल्यावर एकमेकांना नीट तपासा. लाज घरी ठेवा.

तो महिना मी धास्तीतच काढला. रोज सकाळी नवरा चट्टा उठलाय का ते बघायचा. चौथ्या आठवड्यात तो डब्लिनला गेला, तेव्हा मी बाबांचा रोजचा बिनसाखरेचा चहा ठेवत होते. बाबा लुंगीत स्वयंपाकघरात आले, खिडकीकडे पाठ करून उभे राहिले आणि लुंगी जरा वर धरली.

"बघ गं, उजेड चांगला आहे."

मी वाकून बघितलं. काहीच नव्हतं.

"एकदम स्वच्छ, बाबा."

"मग साखर घाल बरं आज," म्हणाले, आणि बसले खुर्चीत, अगदी ऐसपैस.