शून्य-एकवर अडकलेला फळा

कोझारा फुटबॉल संघाच्या मैदानावर, उत्तरेच्या गोलामागे, चार खांबांवर एक पत्र्याची खोली होती. तिच्या एकुलत्या खिडकीतून हात काढून व्लास्ता बाहेरच्या फळ्यावर आकडे टांगायचा. एकोणीस वर्षांत एकही आकडा चुकला नव्हता, आणि व्लास्ताला आयुष्यात मिरवण्यासारखं तेवढंच होतं.

तो घाबरायचा फक्त समोरासमोरच्या दारा-खिडकीतून वाहणाऱ्या वाऱ्याच्या झोताला. धरलेली मान, दुखरा दात, मेहुण्याचा घटस्फोट, सगळं त्या झोतामुळंच.

एकोणनव्वदचा जून. लीगची शेवटची फेरी. त्या हंगामात नियमच असा होता की बरोबरी झाली तर पेनल्टी. जिंकेल त्याला एक गुण, हरेल त्याला भोपळा. तळाला कोझारा आणि लाजार सारख्याच गुणांवर, गोलफरकात कोझारा सरस. दोघांपैकी एक खालच्या विभागात जाणार होता. लाजारचा सामना दुसऱ्या गावी चालू होता. फळ्यावर वर आपलं शून्य-शून्य, खाली लाजारचं शून्य-एक. म्हणजे लाजार हरत होता.

सत्तराव्या मिनिटाला बायको राडोइका दोन्ही हातांत पालक भरून भाजलेल्या पिट्याचं ताट घेऊन मागच्या दारातून आत आली.

“दार लाव आधी.”

“जूनमध्ये? भट्टी झालीय इथं.”

“झोत येतोय, बाई. मान कुणाची धरते?”

“तुझी. कण्हणं मात्र मला ऐकावं लागतं. हात रिकामे दिसतायत का माझे?”

व्लास्तानं खिडकी आपटून बंद केली. उन्हानं फुगलेली चौकट गच्च बसली. तेवढ्यात ट्रान्झिस्टर म्हणाला: लाजारची बरोबरी, एक-एक.

व्लास्तानं खांदा लावला, लाथ मारली. खिडकी हलेना.

“खाली जाऊन सांग की,” राडोइका म्हणाली.

“मी गेलो तर आकडे कोण टांगणार?”

“टांगायला खिडकी कुठाय तुला?”

इथला सामना शून्य-शून्यवरच संपला. तिकडे लाजारनं पेनल्टीत गुण मारला. आता कोझाराला पेनल्टी जिंकणं भागच होतं. खिडकीच्या फटीतून व्लास्ताला कोझाराचा गोलकीपर नेबोय्शा दिसत होता. तो निवांत. फळा सांगत होता, लाजार हरतोय, आपण वाचलो. ट्रान्झिस्टर कानाला लावलेले प्रेक्षक बोंबलत होते, “लाजारला गुण मिळाला, आता अडव, नाहीतर मेलो.” नेबोय्शानं त्यांना हातानंच उडवून लावलं. याच लोकांनी हंगामात तीनदा प्रशिक्षकाला हाकलल्याची खोटी बातमी दिली होती. फळा कधी खोटं बोलला नव्हता.

पेनल्टीतला समोरच्या संघाचा शेवटचा फटका. नेबोय्शा कमरेवर हात ठेवून उभा. असला निवांत गोलकीपर बघून मारणाराच गोंधळला. चेंडू सरळ नेबोय्शाच्या मांडीवर आपटला. कोझारा पेनल्टी जिंकून वाचला.

संघाचे अध्यक्ष धापा टाकत जिना चढून आले. “व्लास्ता, लबाड कोल्ह्या. पोराला घाम फुटू नये म्हणून आकडा दाबून ठेवलास ना?”

“नाही हो. झोत येत होता.”

अध्यक्ष पोट धरून हसले. राडोइकानं चिमटा काढला. “हो म्हण ना, माणसा.”

“चुकला आकडा माझा,” व्लास्ता म्हणाला. एकोणीस वर्षांची मिरवणूक वाया गेली होती. त्यानं पिट्याची सुरी चौकटीत खुपसून खिडकी उचकटली आणि लाजारचं एक-एक टांगलं, शेजारी पेनल्टीचे आकडेही.

खाली लोकांच्या खांद्यावर नाचणाऱ्या नेबोय्शाची नजर फळ्यावर गेली. ओठ हलले, त्यानं बोटांवर दोन्ही संघांचे गुण मोजले.

“मला जरा खाली ठेवता का,” तो म्हणाला, आणि गवतावर बसकणच मारली.