जेवणाच्या टेबलावरची चप्पल

आंघोळीला पाणी काढलं, बघतो तर साबण गायब. ओरडलो, तर बाहेरून आवाज आला, "अहो, टेबलावर आहे. हलवू नका हं!"

टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. जेवणाच्या टेबलावर माझ्या साबणाचा उरलासुरला तुकडा, शेजारी माझी एक चप्पल, आणि त्यांच्यासमोर गालाला हात लावून बसलेली आमची ही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जेवायच्या जागी चप्पल बघून माझं डोकं अजूनही फिरतं.

हिची ही जुनीच खोड. आयुष्यभर क्लासमध्ये स्पॅनिश शिकवलं, फावल्या वेळात भाषांतरं केली. पण शब्द अडला की ही शब्दकोशात कमी आणि माझ्या कपाटात जास्त शोधते. वस्तू हातात घेतल्याशिवाय हिचं समाधानच होत नाही. मागे 'फाटलेला' आणि 'उसवलेला' यांच्या भांडणात माझा चांगला सदरा कामी आला.

क्लास नुकताच बंद पडला होता. लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीने भाषांतरासाठी नमुन्याचं पान दिलं होतं. ते पसंत पडलं तर त्यांची सगळी माहितीपुस्तकं हिच्याकडे येणार, तीही घरबसल्या. नाहीतर शहराच्या दुसऱ्या टोकाला फोनवर बोलायची नोकरी, बस बदलत जायचं. हिच्या गुडघ्यांना ते झेपणार नव्हतं, आणि हिच्याशिवाय दिवसभर रिकामं घर मला झेपणार नव्हतं. पान दुपारी बाराच्या आत पाठवायचं होतं.

"आता कुठे अडलं?" मी विचारलं.

"ब्रेकचं अस्तर 'वॉर्न' झालं की बदला, एवढंच इंग्रजी वाक्य आहे. स्पॅनिशमध्ये गास्तादो लिहू की देसगास्तादो?"

"दोन्ही चालतात ना?"

"चालतात की. कोणी चूक काढणार नाही. पण गास्तादो खर्चलेल्या पैशालाही म्हणतात, वापरून संपत आलेल्या साबणालाही. देसगास्तादो म्हणजे घासून घासून झिजलेलं, तुमच्या चपलेच्या टाचेसारखं. आता ब्रेक साबण आहे की चप्पल?"

"मला काय विचारतेस? मी आंघोळीला चाललो होतो!"

तेवढ्यात वरून ठोकाठोकी ऐकू आली. आमच्या इमारतीची लिफ्ट सकाळपासून बंद होती, गच्चीवरच्या खोलीत दुरुस्ती चालू होती. झालं! ही निघाली जिन्याने वर. ज्या गुडघ्यांसाठी एवढा आटापिटा, तेच घेऊन! मी कसेबसे कपडे चढवले आणि मागे धावलो.

मेकॅनिकने ब्रेकचं काढलेलं जुनं अस्तर हिच्या हातात दिलं.

"अजून बरंच शिल्लक आहे की हो," ही म्हणाली.

"आहे ना, मावशी. पण घासून पातळ झालंय. संपायची वाट बघत बसलो तर लिफ्ट थांबायची कशी?"

हिने अस्तरावरून अंगठा फिरवला. "चप्पल," ती समाधानाने म्हणाली. मेकॅनिकने गोंधळून माझ्या पायांकडे बघितलं. मी अनवाणी होतो.

एकेका पायरीवर थांबत आम्ही खाली आलो. पान पाठवलं तेव्हा बारा कधीच वाजून गेले होते.

"एका शब्दापायी हातचं काम घालवलंस!" मी भडकलो. ती उठली आणि साबण जागेवर ठेवून आली. मग मलाच वाईट वाटलं.

संध्याकाळी कंपनीतल्या बाईंचा फोन आला. "उशीर का झाला?" त्यांनी जरा कडक आवाजात विचारलं. हिने साबणापासून गच्चीपर्यंत सगळं रामायण सांगितलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

"मी अकराव्या मजल्यावर राहते," बाई म्हणाल्या. "बाकीची पुस्तकं उद्या पाठवते. आणि हो, घाई करू नका."

फोन ठेवून ही माझ्याकडे बघत राहिली. मला भलताच आनंद झाला होता. मी दाराशी गेलो, दुसरी चप्पल उचलली आणि तीही टेबलावर आणून ठेवली.