परक्या माणसासमोर

घरातलं भांडण परक्या माणसासमोर काढायचं नाही, हा नियम माझ्या माहेरीही होता आणि सासरीही. दारात गॅसवाला उभा असला तरी आवाज खाली. पेठेतल्या भिंती पातळ आणि शेजाऱ्यांचे कान तिखट, त्यामुळे आम्ही नवरा-बायको जन्मभर कुजबुजत भांडत आलो. शाळेत मी वर्गावर ओरडायचे, ते आमच्या ह्यांनी कधी ऐकलंच नाही.

गेल्या जानेवारीत ह्यांनी जेवताना एकदम जाहीर केलं, "विजापूर, बदामी, हंपी करून येऊ. गाडी ठरवलीय. ड्रायव्हरसकट."

"ड्रायव्हर? तुम्हाला?" माझ्या हातातली पोळी हातातच राहिली. कारण हे म्हणजे दुसऱ्याच्या गाडीत बसले की उजवा पाय दाबून स्वतःच ब्रेक मारणारे. खडकीच्या कारखान्यात होते तोवर स्कूटर, मग गाडी. किल्ली कधी कुणाच्या हातात दिली नाही. पण दिवाळीच्या आधी गाडी विकून टाकली. पेठेत पार्किंगला जागा नाही, कशाला तो ताप, म्हणाले. मला पटलं. न पटायला काय झालं? पेठेत पार्किंगला जागा नाही हे शेंबडं पोरही सांगेल.

काचबिंदू होता, ते मला ठाऊक होतं. रोज डोळ्यांत थेंब घालायचे. पण तपासणीला एकटेच जायचे. "तू कशाला येतेस? रिक्षाने जातो, रिक्षाने येतो." परत आले की "डोळ्यांचं प्रेशर आटोक्यात आहे," एवढंच बोलायचे आणि चहा मागायचे. मंडईत एकदा चक्क उभ्या हातगाडीला धडकले, आणि वर गाडीवाल्यालाच झापलं, "रस्ता काय तुमच्या तीर्थरूपांचा आहे?" मीही त्या बिचाऱ्याला दोन शब्द सुनावले.

ड्रायव्हर हडपसरच्या पलीकडच्या एका गावचा होता, चाळिशीचा, शांत. आदल्या संध्याकाळी गाडी दाखवून गेला. हे त्याला सोडायला खाली गेले ते बराच वेळ वर येईनात. मी म्हटलं, झालं, आता त्या बापड्याला टायरमधल्या हवेवर व्याख्यान.

सकाळी निघालो. हे पुढे, मी मागे थर्मास आणि चिवड्याच्या डब्यासोबत. ड्रायव्हर प्रत्येक थांब्यावर आधी उतरायचा, वळसा घालून येऊन ह्यांचं दार उघडायचा आणि खांदा पुढे करून उभा राहायचा. मला कौतुक वाटलं, जुन्या वळणाचा माणूस दिसतोय. हे भलतेच खुशीत होते. सोलापूरला ह्यांच्या बहिणीचं सासर, त्यामुळे तो रस्ता ह्यांना तोंडपाठ. "आता यवत येईल. मग चौफुला. चहा मात्र भिगवणलाच." मी आपली हो ला हो करत खिडकीबाहेर बघत होते.

भिगवण सोडलं आणि ह्यांनी डावीकडे हात केला. "ते बघ उजनीचं पाणी! काय भरलंय! अगदी रस्त्याला टेकलंय."

मी डावीकडे बघितलं. पाणी कुठलं? त्या साली पाऊस रुसलेला. रस्त्याच्या कडेपासून पार लांबवर नुसती भेगाळलेली जमीन, तिच्यावर शेळ्या चरत होत्या, आणि त्यांच्याही पलीकडे पाण्याची एक बारीक रेघ. आता आम्ही पडलो पुण्याचे. आमच्याकडे कोरडं दिसलं की "वा, काय भरलंय" असंच म्हणतात, आणि भाजी खारट झाली की मिठाची आठवण काढतात. मला वाटलं, ह्यांचं नेहमीचं तिरकस चाललंय. मीही तसंच टोलवलं, "हो ना! होडी काढा आता बाहेर."

हे हसले नाहीत. "चेष्टा नाही गं," म्हणाले. "खरंच सुंदर दिसतंय."

मी ड्रायव्हरकडे बघितलं. तो समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवत होता. जीभ दाताखाली धरून मी गप्प बसले, कारण गाडीत परका माणूस. थोड्या वेळाने सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, पुढच्या ट्रकवर काय लिहिलंय?"

"काय लिहिणार? नेहमीचंच," असं म्हणून ह्यांनी डोळे मिटून मान मागे टेकवली.

सोलापूर गेलं, भीमेचा पूल गेला, विजापूर आलं, आणि मी आतल्या आत धुमसत राहिले. तीन माणसं एका डब्यात कोंडलेली, आणि त्यातल्या दोघांना बोलायची चोरी. लॉजवर खोलीत शिरल्याबरोबर विचारायचं असं मी पक्कं ठरवलं होतं. पण हे "फार दमलो" म्हणत भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. उठवता आलं असतं. मी उठवलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मला त्या उत्तराची भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी गोलघुमट. तिकीट काढून आत गेलो. मी चपलेचा पट्टा लावायला वाकले, तेवढ्यात हे दोन पावलं पुढे जाऊन थांबले. मी वर बघते तर हे एका कडुलिंबाच्या झाडाकडे तोंड करून, मान मागे टाकून उभे. घुमट ह्यांच्या उजव्या हाताला होता, एवढा मोठा, अर्धं आभाळ अडवून.

"काय भव्य आहे गं!" हे त्या झाडाला म्हणाले. "माणसांनी बांधलंय हे!"

सहलीला आलेल्या शाळेच्या मुली तिथून चालल्या होत्या. त्यातल्या दोघी एकमेकींना कोपराने ढोसून फिदीफिदी हसल्या. माझं डोकंच फिरलं. मी ह्यांच्या दंडाला धरलं आणि तरातरा गाडीपाशी आणलं. ड्रायव्हर धावत आला, दार उघडून खांदा पुढे केला. हे बसले. ड्रायव्हर आपल्या जागेवर बसला. मी मागे बसले आणि दार आपटलं.

"किती दिसतं तुम्हाला? आत्ताच्या आत्ता सांगा."

"अगं, हळू. ड्रायव्हर बसलेत ना इथे..."

"बसू देत! ऐकू देत!" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "घरी विचारावं तर प्रेशर आटोक्यात. खोलीत विचारावं तर तुम्हाला झोप. गाडीत विचारावं तर परका माणूस. मग विचारू तरी कुठे? गोलघुमटावर चढून विचारू?"

ड्रायव्हरच चाचरत म्हणाला, "काकू, मला समदं ठावं हाय. काकांनी आदल्या दिवशीच सांगितलं व्हतं. दार मी उघडायचं, पायरी आली की हळूच 'पायरी' म्हणायचं. म्हनले, काकूंना कळू देऊ नका."

कानशिलात बसल्यासारखं झालं मला. ज्या माणसासमोर बोलायचं नाही म्हणून मी कालपासून ओठ शिवून बसले होते, त्याला सगळं माहीत. आणि मी, ह्यांची लग्नाची बायको, ह्यांच्या ताटात कुठे काय वाढायचं ते झोपेतही सांगेन, मला काही पत्ता नाही. इतका राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं.

"उजव्याने काहीच नाही," हे समोर बघत म्हणाले. "डाव्याने उजेड कळतो. तू अगदी जवळ आलीस तर साडीचा रंग कळतो. तेही जाणार आहे. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस का? घरात बसली असतीस माझ्या उशाशी. रिटायर झालो की फिरू, असं म्हणत तुला किती वर्षं टांगून ठेवलं. म्हटलं, मी नाही तर नाही, निदान तू बघशील."

"मी काय घुमटासाठी मरत होते? डोंबलाचा घुमट!"

बाहेर टांगेवाले गिऱ्हाइकं बोलावत होते. जरा वेळाने ड्रायव्हरने विचारलं, "काकू, कुठं घेऊ मग? बदामीला, का माघारी पुण्याला?"

मला पुण्याला जायचं होतं. आत्ताच्या आत्ता. दुसरा डॉक्टर गाठायचा, तिसरा गाठायचा, पहिल्या डॉक्टरला जाऊन जाब विचारायचा, हेच डोक्यात घुमत होतं. हे पुढे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, शिक्षेला बसवलेल्या मुलासारखे. कुठे जायचं ते कायम ह्यांनीच ठरवलेलं. आज अवाक्षर काढत नव्हते.

"बदामी," मी म्हटलं. "पण हे मागे बसतील. माझ्याजवळ."

हे गाडीत मागे कधी बसले नव्हते. ड्रायव्हरने उतरवलं, हळूच आणून बसवलं. ह्यांनी हाताने चाचपून चिवड्याचा डबा बाजूला केला आणि माझ्याकडे सरकले. गाव मागे पडलं. मोकळा रस्ता लागला.

"काय दिसतंय?" ह्यांनी हळू आवाजात विचारलं.

"शाळू उभा आहे. कणसं भरलीत. माणसं लागलीत काढणीला."

"आणि?"

"पलीकडे सूर्यफुलं. खूप आहेत. एक बाई डोक्यावर घागर घेऊन चाललीय, मागे कुत्रं."

बोलता बोलता माझे डोळे वाहायला लागले. इतक्या वर्षांत मला रडू यायचं ते माझ्याआधी ह्यांना कळायचं. हे काही बोलायचे नाहीत, फक्त हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवायचे. आता हे खांद्याला खांदा लावून बसले होते, तोंड माझ्याकडेच होतं, माझ्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ह्यांना ते दिसत नव्हतं.

"तुझा आवाज असा का येतोय?"

"सर्दी झालीय," मी म्हटलं.

"अहो, तो एसी बंद करा," हे ड्रायव्हरला म्हणाले. "हिला सर्दी झालीय."

त्याने एसी बंद केला. मी पदराने नाक पुसलं, आणि पुढे जे जे दिसेल ते सांगत राहिले.