मुडलीच्या वाफ्यावरचा वेल

"ज्येला नुसतं फूल येतं आणि खायला काय येत न्हाई, त्येला झाड म्हणू ने," पारू एकदा पुतण्याला, सुदेशला, तोंडावर म्हणाली होती.

कुंभारवाडा गावाजवळ सुदेशनं पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या आणि पुढचा मातीचा बांध उघडा दिसू नये म्हणून नर्सरीतून पिवळ्या फुलांचा वेल आणून लावला. पारूला हसू आलं. माती बघून ज्यांच्या पोटात दुखतं, ती माणसं एवढ्या लांब जंगल बघायला कशाला येतात? तिच्या लेखी लावण्यासारखं एकच होतं, मुडली. हातभर लांब, गाठाळ, उकडला की मऊसूत होणारा कंद. तिचं बियाणं आईच्या गावचं. ते गाव सुपा धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा आईनं टोपलीत भांड्यांऐवजी मुडल्या भरल्या होत्या.

पावसाच्या तोंडावर वेल बांध ओलांडून शेजारी पारूच्या परड्यात उतरला. तिनं ओढला, तर सहज हातात आला. बाजारातलं लाडावलेलं, याला कसली मुळं! उपटलेलं रान फुकट घालवायचं नाही, हे तिच्या रक्तात होतं. कोयत्यानं बारीक तोडून ते कंदाच्या वाफ्यावर पांघरायचं. पावसाचा मार मातीला लागत नाही, कुजून खत होतं. तिनं वेलही तसाच तोडला, तसाच पांघरला. सुदेशची आई चंद्रा, म्हणजे पारूची धाकटी जाऊ, आपल्याकडं आलेला वेल कातळावर वाळवून जाळत होती.

"आळशाचं खत धुरात," पारू म्हणाली.

आठ दिवसांत तुकड्यातुकड्याला मुळं फुटली. गणपतीपर्यंत वाफा पिवळाधमक झाला. पारू उपटायची, वेल तुटायचा, आणि मातीत राहिलेलं पेर पुन्हा वर यायचं. सुदेशकडच्या एका पाहुणीनं कुंपणावरून फोटो काढला आणि बाग फार सुंदर आहे म्हणाली. पारूनं तिला पाठ दाखवली.

"काकी, औषध मारूया काय? दोन दिसांत करपतंय," सुदेश म्हणाला.

"आणि मुडली?"

"ती बी जाईल म्हणा."

"मग तुझ्या पावण्यांना पाज."

मार्गशीर्षात तिनं वाफा खणला. कंद अंगठ्याएवढे, निम्मे कुजलेले. उरलेले बियाण्यासाठी राखेत ठेवले, तेही माघात सुकून गेले. आता ते बियाणं एकाच घरी होतं. बारा वर्षांपूर्वी पारूनंच चंद्राला चार कंद दिले होते, भीक घातल्यासारखे.

चैत्रात ती चंद्राच्या चुलीपुढं जाऊन उभी राहिली.

"बियाणं पायजे." बोलणं मागितल्यासारखं नव्हतं, वसुलीचं होतं.

"बस तरी, अक्का. चा टाकते."

"चा माझ्या घरात हाय."

"बियाणं बी हुतं की." चंद्रानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "न्हाई देत. तुझ्या परड्यात ह्ये बी मरंल. दोन वर्सं तिथं काय लावू नको. खण, वाळव, जाळ. तवर माझ्या परड्यात लाव. दोन वाफे ठेवलेत मोकळे."

"तुझ्या परड्यात? तिथं माती हाय व्हय? नुसता चिखल."

"चिखलातच आलंय ह्ये." चंद्रानं कोपऱ्यात बियाण्यासाठी ठेवलेल्या राखेतून एक मुडली काढून पुढं ठेवली.

पारूनं ती हातात तोलली. नखानं साल खरडली, वास घेतला, बुडाशी दाबून पाहिलं. खोट काढायला ती बराच वेळ उभी होती. कंद जड होता, टणक होता, आईच्या टोपलीतला होता. असल्या बाईच्या हातून असलं पीक यावं, याचाच तिला जास्त राग आला.

"खड्डं हातभर अंतरानं कर," चंद्रा म्हणाली. "तुला काय सांगायचं म्हणा."

पारूनं राखेतल्या उरलेल्या मुडल्या ओच्यात भरल्या, दाराआडची चंद्राची कुदळ उचलली आणि मागच्या दारानं परड्यात निघून गेली.