सिगार निवडणारा हात

आधीच सांगून टाकते — मी फिजिओथेरपिस्ट आहे. माणसाचा हात कशाने उघडतो आणि कशाने मिटतो, हे शिकण्यात नि शिकवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. उज्जैनमध्ये अमानवीय किश्श्यांना तोटा नाही. चहाच्या टपरीवर उभं राहिलं तरी कोणी ना कोणी एखादा ऐकवतोच. मी ऐकायची, मान डोलवायची आणि घरी येऊन हसायची. आता तुम्ही मला हसलात तरी चालेल... पण जे माझ्यासमोर, भर दुपारी, लख्ख उन्हात झालं, ते एकदा लिहून टाकायचं ठरवलंय. आमच्या इकडची मराठी अर्धी हिंदीच असते, तेवढं सांभाळून घ्या.

आम्ही फ्रीगंजमध्ये, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत राहतो. घरात मी, माझा नवरा शिरीष, सासूबाई — त्यांना मी आईच म्हणते — आणि सासरे, नाना. नाना तरुणपणी रेल्वेच्या नोकरीसाठी साताऱ्याहून इकडे आले आणि इथलेच झाले. पोहे-जलेबीशिवाय त्यांची सकाळ व्हायची नाही, पण व्यसन म्हणाल तर सुपारीचंसुद्धा नाही. तंबाखूचा तर तिटकाराच. एका लग्नात कोणी पान पुढे केलं, तर ते उघडून, हुंगून, पुन्हा तबकात ठेवताना मी स्वतः पाहिलंय त्यांना.

दोन वर्षांपूर्वी नानांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पाय हळूहळू परत आला, काठी घेऊन ते घरातल्या घरात चालायला लागले. हात मात्र नाही. बोटं मुठीत अशी आवळलेली, की नखं कापायची तर आधी गरम पाण्यात हात धरून एकेक बोट सोडवावं लागे. तोंडातून "हो", "नको" आणि "राम राम" एवढंच निघायचं. मी रोज सकाळी त्यांचा व्यायाम घ्यायची. पहिले काही महिने त्यांनी मनापासून केला, मग हळूहळू सोडून दिला. हात पुढे केला की मान फिरवायचे. जेवणही दोन घासांवर आलं. परक्यांच्या वडिलांना मी पायावर उभं केलंय हो, आणि माझ्या घरातला माणूस माझ्यादेखत विझत चालला होता.

आता शिरीषच्या शौकाबद्दल सांगायला हवं. शिरीष आर्किटेक्ट आहे. सिगारेटला त्याने कधी हात लावला नाही, पण सिगारचा शौकीन. इंदूरचे त्याचे एक मित्र आहेत, दिनेशजी, त्यांनी हा नाद लावला. ते परदेशातून येताना उत्तम सिगार घेऊन येतात. मी सुरुवातीला खूप भांडले. मग आमचा तह झाला — फक्त रविवारी, फक्त एक, आणि तोही बाल्कनीत. खरं सांगू? नंतर मलाच त्या सगळ्या थाटाची मजा वाटायला लागली. सीडरच्या लाकडाची पेटी, आत ओलावा मोजणारं छोटं घड्याळ. आमच्या माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात सिगार पापडासारखे कडकडीत होतात म्हणे, म्हणून त्यात ओलावा धरून ठेवणाऱ्या पुड्या. शिरीष त्यांची निगा अशी राखतो, जशी लोणच्याच्या बरणीची आई राखतात. झाकण उघडलं की लाकूड, कोको, सुकं गवत, किंचित मध असा वास यायचा... तंबाखूचा वास असा असतो हे मला माहीतच नव्हतं. धूर छातीत घ्यायचा नाही, नुसता तोंडात खेळवायचा. घाई केली की चव कडू होते. सगळी दुपार त्या एका सिगारवर जायची, आणि तेवढा वेळ माझा नवरा फोनला हात लावायचा नाही. बायकोला आणखी काय पाहिजे?

थंडीचे दिवस होते. नानांना ऊन मिळावं म्हणून आम्ही त्यांनाही बाल्कनीत बसवलं होतं. मी समोर मटार सोलत होते. शिरीषने पेटी स्टुलावर उघडून ठेवली आणि माचिस आणायला आत गेला.

मी सहज वर पाहिलं. नानांचा उजवा हात पेटीवर होता.

उजवा. आणि बोटं उघडलेली.

त्यांनी एक सिगार उचलला. अंगठा आणि दोन बोटांत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलके हलके दाबत नेला — कुठे पोकळ आहे का, कुठे गाठ आहे का, असं चाचपतात तसं. मग कानाजवळ नेऊन फिरवला. ऐकला. परत ठेवला. दुसरा घेतला, तोही ठेवला. तिसरा उन्हात धरून त्याच्या पानाच्या शिरा पाहिल्या, टोक हुंगलं, आणि शिरीष दारात येऊन उभा होता त्याच्यापुढे धरला.

"हा," नाना म्हणाले.

शिरीषने तो घेतला. हात खाली मांडीवर आला आणि बोटं एकामागून एक मिटत गेली... पुन्हा तीच घट्ट मूठ.

माझ्या हातातलं मटारचं ताट कधी सांडलं मला कळलंच नाही. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. तोच ताठ, आवळलेला हात. ताकद लावूनही माझ्याच्याने बोट हलेना.

"नाना, पुन्हा करा ना! करून दाखवा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. किती महिन्यांनी हसले होते!

त्या आठवड्यात मी त्यांना सगळं देऊन पाहिलं. चमचा, पेन, सिगारएवढी जाड गुळगुळीत लाकडी कांडी. काही नाही. पुढच्या रविवारी पेटी उघडली... आणि हात उघडला. मी इंदूरच्या न्यूरोलॉजिस्टला फोन केला. ते म्हणाले, "होतं असं कधी कधी. जुनी सवय मेंदूत खोल असते, अचानक वर येते." मी तेच घेऊन आईंकडे गेले.

"आई, खरं सांगा. नाना तरुणपणी ओढायचे का कधी?"

"हे?" आई माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, रेल्वेच्या डब्यात शेजाऱ्याने विडी पेटवली तर हे उठून दारात जाऊन उभे राहायचे. सिगार तर ह्यांनी शिरीषच्या हातातच पहिल्यांदा पाहिला."

साताऱ्याला नानांच्या धाकट्या भावालाही फोन केला. त्यांनीही तेच सांगितलं. पेटीत काही आहे का म्हणून शिरीषने सिगार दुसऱ्या साध्या डब्यात ठेवून पाहिले. काही फरक नाही. घराचं काही म्हणावं, तर बिल्डिंग नवी, आमच्याआधी इथे कोणी राहिलेलंच नाही.

रविवार मात्र घरात सणासारखा व्हायला लागला. नाना सकाळपासून तयार. दाढी करून घ्यायचे, इस्त्रीचा सदरा मागायचे — म्हणजे बोट दाखवायचे. ओढायचे कधीच नाहीत. धूर आला तर आजही तोंड वळवतात. फक्त निवडून द्यायचे. आणि शिरीष शपथेवर सांगायचा, की त्यांनी निवडलेला सिगार शेवटपर्यंत एकसारखा जळतो, राखसुद्धा अखंड उभी राहते. आठवड्याचे बाकीचे दिवसही सुधारले. व्यायामाला हात पुढे यायला लागला. एक दिवस त्यांनी वरण जास्त मागून घेतलं, तेव्हा मी आत जाऊन रडले.

मग शिरीषने दिनेशजींना बोलावलं. दिनेशजी मोठे हौशी, या विषयात मुरलेले. त्यांनी येताना सगळ्या सिगारांवरची नाव छापलेली कागदी कडी काढून टाकली होती, कोणता कुठला ते फक्त त्यांनाच ठाऊक.

"अंकल, अब बताइए," म्हणत त्यांनी ते नानांसमोर मांडले.

नानांचा हात उघडला. एकेक सिगार दाबला, फिरवला, हुंगला. एक उचलून बाजूला सारला. "नको." दुसऱ्यावर बोट जरा रेंगाळलं, मग तोही वेगळा ठेवला आणि शब्द शोधत शोधत म्हणाले, "ओला... थांब." आणि उरलेल्यांतला एक दिनेशजींच्या हातात दिला.

दिनेशजींचं हसू मावळलं. जो बाजूला सारला तो त्यांनी मुद्दाम मिसळलेला, स्वस्तातला होता. जो वेगळा ठेवला तो परवाच आलेला, खरंच अजून मुरायचा होता. आणि हातात दिलेला त्यांचा सगळ्यात आवडता.

"शिरीष भाई," ते हळूच म्हणाले, "ये जो कान के पास घुमाते हैं ना... ये आजकल कोई नहीं करता। ये बहुत पुराने शौकीनों की आदत थी। मैंने बस सुना है। ये तो किसी और ही ज़माने का हाथ है।"

ते सहज बोलून गेले, पण आई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे ठेवला आणि आत निघून गेल्या. पाहुणे गेल्यावर मला म्हणाल्या, "मंजू, मी इतके दिवस बोलले नाही. पण मी हा हात आयुष्यभर पाहिलाय. जेवताना, पूजा करताना, माझ्या कपाळावरून फिरताना... तो सिगार धरतो तेव्हा तो ह्यांचा नसतो गं."

शिरीषने त्याच संध्याकाळी पेटी कपाटात ठेवून कुलूप लावलं. आईंनी घरात शांती करून घेतली, नानांच्या मनगटाला गंडा बांधला. मी विरोध केला नाही — कारण खरं सांगायचं तर मीही घाबरले होते.

पुढचा रविवार आला. नाना इस्त्रीचा सदरा घालून बाल्कनीत बसले आणि कपाटाकडे पाहत राहिले. कोणी उठलं नाही. ऊन उतरलं, तसे ते काठी टेकत आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतर सगळं पहिल्यासारखं. व्यायाम नाही. ताट तसंच परत. मी घास पुढे केला की "नको". मी डॉक्टरांना बोलावलं, ते म्हणाले तब्येतीत काही नवीन नाही, जगायची इच्छा हवी. आईंनी हे सगळं पाहिलं. त्या रात्रंदिवस त्यांच्या उशाशी बसून होत्या.

दुसऱ्या रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात होते. कपाटाचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन पाहते तो आई ती पेटी पदराने पुसत बाल्कनीत निघालेल्या. ज्या बाईने कधी त्या पेटीला बोट लावलं नव्हतं! त्यांनी नानांना हाताला धरून आणून खुर्चीत बसवलं, पेटी समोर ठेवली आणि स्वतः झाकण उघडलं.

"घ्या," त्या म्हणाल्या. मग नानांच्या हाताकडे पाहून, दुसऱ्याच कोणाशी बोलावं तशा म्हणाल्या, "जे कोणी असाल ते असा. माझी काही हरकत नाही. पण नंतर ह्यांना जेवू द्या."

मूठ उघडली. नानांनी निवांतपणे एक सिगार निवडला, शिरीषला दिला. आणि मग — हे मी कधी विसरणार नाही — हात लगेच मिटला नाही. तो आईंच्या दिशेने किंचित वर उचलला गेला, समोर बाई उभ्या असल्या की जुनी माणसं अदबीने हात उचलून नमस्कार करत तसा. नानांनी आयुष्यात कधी तसा नमस्कार केलेला नाही. आईंनी पदर सावरला आणि नकळत मान झुकवली.

त्या रात्री नाना पोटभर जेवले. गंडा आईंनीच सोडला.

आता या सगळ्याला वर्ष होऊन गेलं. नाना छान आहेत. बोलणं बरंच परत आलंय, सावकाश का होईना पण वाक्यं जुळवतात. हाताचं म्हणाल तर एरवी तो अजूनही मूठच आहे. चमचा धरत नाही, गुंडी लावत नाही. रविवारी तेवढा उघडतो. मी माझ्या शिक्षकांना विचारलं, पुस्तकं धुंडाळली. एखादी हालचाल परत आली तर ती इतकी नाजूक कशी, फक्त याच कामाला कशी, आणि ज्याने तंबाखू कधी हातात धरली नाही त्याला हे ज्ञान आलं कुठून — माझ्याकडे उत्तर नाही. कोणाकडे असेल तर जरूर कळवा. नसेल तरी आमचं काही अडलेलं नाही.

गेल्या रविवारी शिरीष धुराची वलयं सोडत बसला होता, आई डुलक्या घेत होत्या. मी नानांच्या शेजारी बसून हळूच विचारलं, "नाना, हात उघडतो तेव्हा... कोणी असतं का?"

"असतं ना."

"कोण?"

"नाव नाही सांगितलं."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

नानांनी जरा वेळ शब्द जुळवले.

"भीती कसली, मंजू? सभ्य माणूस आहे. दर वेळी... आधी विचारतो."