अप्पांची लाडकी हरणी

सुतार बावन्न वर्षांचा झाला, तरी गावाच्या लेखी तो अजून अप्पांचा पोरगाच होता. अप्पाही सुतारच. लेकाला हाताखाली घेतलं दहाव्या वर्षी आणि सगळं शिकवलं ते रागावून. फळी रेषेबाहेर कापली गेली की पाठीत रट्टा. नीट कापली गेली की गप्प. "त्यांचं गप्प बसणं हीच शाबासकी रे," अशी समजूत आई घालायची. ती गेली, मग समजूत घालणारंही कोणी राहिलं नाही.

आता अप्पांचे हात थरथरायचे. सकाळचा चहा झाला की ते मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसत. अंगणापुढे उतार, उताराखाली रान. एके दिवशी तिथून एक हरणी वर आली, मागोमाग धडपडत तिचं पाडस. अप्पांनी कोबीची वरची पानं पुढे टाकली. आठवडाभरात ती चार हात अंतरावर येऊन उभी राहू लागली.

"ये बाळा, ये. घाबरू नकोस."

शेडमध्ये चौकट गुळगुळीत करणाऱ्या सुताराचा रंधा जागीच थांबला. बाळा? त्याला तर आयुष्यभर 'गाढवा' ऐकायची सवय.

मग ते रोजचंच झालं. "काय डौल आहे गं तुझा!" अप्पा म्हणायचे, आणि इकडे सुताराचा रंधा उगाच जोरात चालायचा. एकदा जेवताना तो ताटावर तोंड पाडून बसला, तेव्हा बायकोने विचारलं, "अहो, झालंय काय?"

"ते जनावर आपली भाजी खातंय."

"ती पानं मी फेकूनच देते." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि तिला हसू फुटलं. "बायका सवतीवर जळतात हो. तुम्ही बहिणीवर जळताय!"

तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने अंगणाच्या कुंपणातली, हरणी आत यायची ती मोकळी जागा मोजली आणि फाटक करायला घेतलं. वाफ्यांची नासाडी होते, असं कारण दिलं. वाफ्यात होता थोडा पुदिना, त्याला हरणीने तोंडही लावलं नव्हतं. चार दिवस तो राबला. एक खिळा वापरला नाही. सगळे सांधे लाकडात लाकूड बसवून केले. रागाच्या कामात एवढा जीव का ओततोय, हे त्याचं त्यालाच कळेना.

फाटक लागलं. हरणी पलीकडे आली, थबकली, परत गेली. दुसऱ्या दिवशी आलीच नाही. अप्पा मांडीवर पानं घेऊन बसून राहिले, चहा निवून गेला. ते रागावले असते तर सुताराला बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी अप्पा काठी टेकत फाटकाशी गेले. सुतारही मागे गेला. अप्पांनी एका सांध्यावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"हे तू केलंस?"

"हो."

"मला इतकं कधी साधलं नाही."

सुताराने त्याच सांध्यावर हात ठेवला. चाळीस वर्षं वाट पाहिलेलं वाक्य मिळालं, आणि मिळालं ते या कामासाठी!

"पण उघडतं ना रे? ती बिचारी बाहेरच राहते."

"उघडतं अप्पा." त्याने कडी काढली, फाटक सताड लोटलं आणि खाली धोंडा लावला.

नऊ दिवसांनी हरणी आली. पाडस आता चांगलं उड्या मारत होतं. "ये बाळा," अप्पा म्हणाले, आणि सुताराच्या काळजात तोच काटा रुतला.

पुढे थंडीत अप्पा तापाने आठ दिवस अंथरुणाला खिळले. सुतार रोज पानं घेऊन अंगणात उभा राहायचा. हरणी यायची, पण उतारावरच थांबायची. त्याने एकदा इकडेतिकडे कोणी नाही असं पाहून "ये बाळा"सुद्धा म्हणून पाहिलं. तिने नुसते कान हलवले.

"आली होती का रे?" अप्पांनी खोलीतून विचारलं.

नाही म्हणावं, असं त्याच्या ओठांवर आलं होतं.

"आली होती. माझ्याजवळ येत नाही ती, अप्पा. तुम्हालाच शोधते."

अप्पांचा चेहरा खुलला. ते पाहून सुतार पुन्हा जळला. पण त्याने त्यांची चादर पायांपर्यंत नीट ओढली, उशी सारखी केली आणि कामाला गेला.